उठायच्या आधी

उजाडलं होतं आणि मला कोणी उठवलं नव्हतं. आधी काही कळलंच नाही. भिंतीवर ऊन, खाली कुणीतरी गाडी धुतंय, बादलीचा आवाज, आणि मी चक्क पाठीवर, हातपाय पसरून, सुट्टीवर आलेल्या माणसासारखा. मग एकदम लक्षात आलं. ती रडलीच नाही. रात्रभर रडली नाही. धडपडत बाहेरच्या खोलीत गेलो, दाराला अंगठा आपटला, तसाच लंगडत पाळण्यावर वाकलो आणि तिच्या नाकाखाली बोट धरलं. बोटाला गरम वारा लागला. इतका बारीक की नुसता भास वाटावा. तिने झोपेतच कपाळाला आठ्या घातल्या, गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की मी घालतो तशाच. "काय करतोयस?" बायको मागे उभी, केस विस्कटलेले, पण डोळे कित्येक दिवसांनी माणसासारखे दिसत होते. म्हटलं, "श्वास बघतोय." "मी दोनदा बघून गेले," ती म्हणाली आणि तोंडावर हात दाबून हसायला लागली. "झोपली रे घुबड. अख्खी रात्र झोपली." सोफ्यावर माझे बाबा डोळ्यांवर कोपर घेऊन आडवे होते. ते सकाळी असेच झोपतात, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

घुबड म्हणजे आमची मुलगी. आठ महिन्यांची. नाव चांगलं ठेवलंय, पण रात्रीच्या वेळी त्या नावाने तिला हाक मारावीशी कधी वाटली नाही. दर थोड्या वेळाने उठायची. उठायची म्हणजे आधी कुरकुर, मग शिंक आल्यासारखा एक आवाज, मग भोंगा. दुधाची गरज राहिली नव्हती, तिला फक्त कोणीतरी हवं असायचं, आणि ते कोणीतरी मी होतो; भोंग्याने बायकोची झोप मोडायची ती मोडायचीच. फ्रिजपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फ्रिजपर्यंत. बायको पुढच्या सोमवारपासून कामावर परत जाणार होती. ती तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते. तिचा हात इतका हलका की म्हातारी माणसं मुद्दाम तिची वेळ विचारून येतात. पण मागच्या महिन्यात ती एक दिवस नुसती सरावाला म्हणून लॅबमध्ये गेली आणि संध्याकाळी आल्याआल्या माझ्यासमोर हात धरून बसली. बोटं थरथरत होती. "एका पोराला दोनदा टोचलं," म्हणाली, "तिसऱ्यांदा त्याची आई म्हणाली, ताई, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा ना." ती रडली नाही, पण जेवलीही नाही. म्हणाली, "सोमवारी पण असंच झालं तर मी नाही करू शकणार रे. कुणाच्या अंगात सुई घालायची असते." म्हणून आम्ही पाळणा बाहेरच्या खोलीत हलवला, दार उघडं ठेवून. तिने कुठेतरी वाचलं होतं की आईचा वास जवळ असला की बाळ जास्त उठतं. आणि हलवला त्याच रात्री हा चमत्कार. बायकोने बहिणीला फोन करून सांगितलं, खालच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं. "पाळण्यात होतं सगळं," म्हणत होती, "आपण उगाच देवाला आणि पोटाला दोष देत होतो."

मी पण हसलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण दुकानाकडे चालताना मला काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटत होतं. खिसे चाचपून पाहावेत, सगळं जागेवर असावं, आणि तरीही वाटत राहावं. माझं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची फट आहे, एक टेबल, एक दिवा, एक भिंग. मोबाइल दुरुस्त करतो. कुठे शिकलो नाही, व्हिडिओ बघून बघून आणि बिघडलेले आणखी बिघडवून शिकलो. दुकान बंद करून घरी जातो तेव्हा घुबड झोपलेली असते, सकाळी निघतो तेव्हा ती नुकती उठून आईला चिकटलेली असते. म्हणजे मी तिला ओळखतो ते अंधारात. तिच्या टाळूचा वास, मानेच्या वळीतला घाम, खांद्यावर डोकं टाकायच्या आधी ती एकदा मागे सरकून माझा चेहरा नीट बघायची, खात्री करायची, आणि मग धप्पकन कपाळ आपटायची. हे सगळं रात्रीचं. कंटाळायचो, शिव्या द्यायचो मनात, एकदा तर फ्रिजला टेकून उभ्या उभ्या झोपलो होतो. आणि आता एका रात्रीत ते सगळं मागे गेलं? भिंगाखाली कुणाचा तरी फोन उघडा पडला होता आणि मी आठवत बसलो होतो, तिला शेवटचं उचललं ते कधी. म्हणजे नेमकं कधी. शेवटचं आहे हे माहीत असतं तर जरा सावकाश चाललो असतो.

तिच्या डॉक्टरीणबाईंनी हे आम्हाला समजावलं होतं. बाई फार घाईत नसतात. म्हणाल्या, बाळाची झोप एकसंध नसते, छोटे छोटे फेरे असतात. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी ते जवळजवळ वर येतं. पाण्यात बुडी मारलेलं पोर डोकं वर काढून किनारा बघतं ना, तसं. झोप लागताना जे होतं तेच सगळं जागच्या जागी दिसलं तर परत खाली जातं. नसलं तर हाक मारतं. "मोठी माणसं पण रात्रीतून अशी वर येतात," बाई म्हणाल्या, "फक्त आपल्याला सकाळी आठवत नाही." आणि म्हणाल्या, ती कुरकुरली की लगेच उचलू नका, थोडं थांबा, बऱ्याचदा ती झोपेतच असते, तुम्ही उचलून जागं करता. बायकोने मान डोलावली. मी तेव्हा फोनचा विचार करत होतो. फोन स्क्रीन बंद करून ठेवतो ना आपण उशाशी, तो काही खरा झोपत नाही. काळ्या काचेमागे मधून मधून उठतो, टॉवरला विचारतो, आहेस का? टॉवर म्हणतो, आहे. की पुन्हा झोपतो. टॉवर सापडला नाही तर विचारत राहतो, विचारत राहतो, आणि सकाळपर्यंत बॅटरी संपवून बसतो. असे फोन माझ्याकडे खूप येतात. गिऱ्हाईक म्हणतं, काही वापरलंच नाही हो रात्री, तरी कसा संपला.

मी लहान असताना रात्री कसा होतो? हे त्याच आठवड्यात डोक्यात शिरलं आणि निघेना. आई असती तर तिला विचारलं असतं. आई जाऊन दोन वर्षं झाली, आणि माझ्या लहानपणाची अर्धी माहिती तिच्याबरोबर गेली हे मला मुलगी झाल्यावर कळलं. बाबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते, बाटल्यांच्या. कायमची रात्रपाळी. भट्टी कधी विझवत नाहीत, विझली तर आतली काच गोठते आणि सगळी भट्टी फोडावी लागते, म्हणून रात्री तिच्यापाशी एक माणूस लागतो, आणि तो माणूस आमच्या घरचा होता. आम्ही कारखान्याच्याच खोल्यांमध्ये राहायचो. एक खोली, पुढे दोन पायऱ्या, मागे न्हाणी. दिवसा ते झोपायचे आणि घर चवड्यांवर चालायचं. आई भांडी फडक्यावर ठेवायची. शेजारची पोरं खेळायला बोलवायची ती खिडकीतून हात हलवून, तोंड न उघडता. "बाबा झोपलेत" हे मी बहुतेक माझ्या नावाआधी बोलायला शिकलो असेन. मला त्या शांततेची आजही चटक आहे. भर दुपारी, खिडकीला जाड पडदा, पडद्याच्या कडेने येणारी उन्हाची एक पट्टी, त्यात धूळ, आणि बाबांचा श्वास. सगळं जग थांबलंय आणि आपला माणूस घरात आहे.

संध्याकाळी ते डबा भरून निघायच्या आधी मला झोपवायचे. गाणं येत नव्हतं त्यांना. नुसती एक गुणगुण, बंद तोंडाची, जाड, एकाच सुरातली, मधे जराशी खाली जाणारी. हंऽऽऽ. मी एकदा विचारलं होतं, हे कुठलं गाणं? म्हणाले, भट्टीचं. भट्टी अशीच आवाज करते, मी तिच्या सुरात सूर लावतो, म्हणजे झोप येत नाही. मला तेव्हा पण मजा वाटली होती, त्यांना जागं ठेवणारा आवाज आणि त्यानेच मी गार. आणि रात्री कधी जाग आली, तर अंधारात ती गुणगुण असायचीच. अगदी कानाशी. म्हणजे बाबा गेले नाहीत अजून. की मी परत खाली. सकाळी मात्र तेच बाबा बाहेरून यायचे, हातात रिकामा डबा, भुवयांवर राख. कित्येक दिवस माझी समजूत होती की मला बाबा दोन आहेत. एक रात्रीचे, एक सकाळी डबा घेऊन येणारे. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की पदर तोंडात कोंबून न्हाणीत पळाली, कारण बाबा झोपले होते.

आता ते एकच होते आणि आमच्या सोफ्यावर होते. नात बघायला म्हणून आले होते, महिनाभर राहिले, रविवारी परत आपल्या घरी जाणार होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण रात्री झोप नाही. आल्या आल्या मी त्यांना नवीन फोन घेऊन दिला, बोट लावलं की उघडेल असा करून देत होतो. फोन त्यांचं बोट घेईना. हे बोट, ते बोट, पुसून, ओलं करून. भिंगाखाली धरून पाहिलं तर बोटांच्या टोकांवर रेषाच नव्हत्या, काचेसारखी गुळगुळीत. "तुझ्या फोनला मी पटत नाही," बाबा म्हणाले. "आकडे टाकून दे. आणि मिस कॉल कसा द्यायचा तेवढं दाखव."

शनिवारी रात्री मी उठलो. कुणी उठवलं नाही, आपोआप, जुन्या सवयीने, तिच्या वेळेला. तीन-चार रात्री मी असाच मधे वर यायचो, शांत आहे म्हणून परत झोपायचो. या वेळी झोप येईना. आणि मग ऐकू आलं. आधी वाटलं फ्रिज आहे. फ्रिज असा मधे खाली जात नाही. माझ्या पायांना माझ्या आधी कळलं बहुतेक, कारण मी चवड्यांवर चालत होतो. बाहेरच्या खोलीत बाबा खिडकीशी उभे, रस्त्यावरचा दिवा त्यांच्या पाठीवर, आणि खांद्यावर घुबड. जागी. टक्क जागी. माझ्याकडे बघून तिने एक पाय हलवला, ओळख असल्यासारखा.

"बाबा," मी हळूच म्हटलं. "ही उठते?"

"उठते कुठे," तेही तितक्याच हळू. "उठायच्या आधीच घेतो मी."

"रोज?"

"पाळणा इथे आणल्यापासून. अरे, ती आधी पाय चोळते एकमेकांवर. मग मूठ तोंडाकडे नेते. तेव्हाच घ्यायचं. भट्टीचा आवाज बदलला म्हणजे आपल्याला उशीर झाला."

मी सोफ्यावर बसलो. हसू येत होतं. पण आत बायको झोपली होती, सोमवारी सुई धरणार होती, तिने इस्त्रीवाल्याला सांगितलं होतं. "बाबा, आम्हाला वाटलं ती झोपायला शिकली. तुम्ही सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? रडली असती तर सांगितलं असतं." मग जरा ओशाळले. "चुकलं का काही?"

म्हटलं, चुकलं असं नाही, पण डॉक्टर म्हणतात थांबायचं, उचलायचं नाही, तिची ती परत झोपते. बाबांनी ऐकून घेतलं. भट्टीचं कसं आणि बाळाचं कसं, यावर बराच वेळ विचार करत असल्यासारखे उभे राहिले. "असेल," म्हणाले. "मला काय ठाऊक. रात्रीचं घर मी बघितलंच कधी? तुझ्या वेळचं एक पण नाही."

"असं कसं? रात्री मला जाग आली की तुम्ही असायचात. गुणगुणायचात."

बाबा वळले. घुबडीचं डोकं त्यांच्या मानेत. "मी? मी भट्टीवर असायचो रे."

"मग सुट्टीच्या रात्री."

"सुट्टीच्या रात्री मी बाहेर पायरीवर. झोप यायची नाही, आणि तुझी आई आत येऊ द्यायची नाही. म्हणायची, आज तुमचा हात लागला की उद्या पण शोधेल, उद्या कुठून आणू?" त्यांनी घुबडीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ती करायची ते. तू संध्याकाळी माझ्या आवाजावर झोपायचास ना, मग मधे उठलास की तेच मागायचास. अंगाई म्हणून पाहिली तिने, तू आणखी भडकायचास. मग तिने माझा आवाज काढायला सुरुवात केली. जाडा. घसा बसायचा तिचा. मी पायरीवरून ऐकायचो, सुट्टी असली की." आणि मग, खिडकीकडे बघत, "विचित्र वाटायचं. मी बाहेर बसलोय, आणि आत पण मीच आहे."

सकाळी बसका आवाज असायचा आईचा, नेहमीच, तो तिचा आवाजच आहे असं मी समजत आलो होतो. इतकी वर्षं ज्या एका आठवणीवर मी बाबांना सगळं माफ करत होतो, दिवसाची झोप, शाळेत कधीच न येणं, ती आठवण बाबांची नव्हतीच. आणि तरी बाबांचीच होती. कुणाला काय द्यायचं ते मला तिथे बसल्या बसल्या सुधरेना. अंधारात माझ्या कानाशी, हनुवटी छातीत दाबून, नसलेला जाडेपणा घशात आणून, दिवसभर भांडी फडक्यावर ठेवणारी ती बाई मला सांगत होती की तुझा बाप घरात आहे. आणि दोन बाबांची गोष्ट मी सांगितली तेव्हा न्हाणीत पळाली होती. हसायलाच पळाली होती का, कोण जाणे.

सकाळी बायकोला सांगितलं. ती चहाचा कप तसाच धरून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही नाही शिकली. तुझे बाबा शिकले." मग हसली, मग कप ठेवून बोटं पसरून बघत बसली. बोटं स्थिर होती. चार रात्रींची झोप होती त्यांच्यात. मी बाबांना म्हटलं, राहा अजून, निदान हा आठवडा. ती पण म्हणाली, "बाबा, राहा ना, मी कुठे कुणाला सांगतेय." बाबांनी पिशवी भरता भरता मान हलवली. "आणखी चार दिवस राहिलो तर ती माझीच सवय लावून घेईल. मग मी गेलो की चाचपत बसेल. एकाचं झालं तेवढं पुरे." दुपारी निघायच्या आधी जरा आडवे झाले. मी पडदा ओढला. घुबड हातातला चमचा फरशीवर आपटत होती, मी तो काढून घेतला, तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, श्शू, बाबा झोपलेत. तिने माझं बोट चावलं. पडद्याच्या कडेने उन्हाची पट्टी आली होती. बाबांचा श्वास चालू होता.

रात्री बायकोला आत पाठवून मी सोफ्यावर पडलो. उशीला भट्टीचा वास नव्हता, साध्या साबणाचा होता. किती वेळ गेला माहीत नाही. पाय एकमेकांवर घासल्याचा आवाज आला. मग मूठ. मी उठलो नाही. थांबलो. कुरकुर झाली, थांबली, वाटलं गेली परत खाली. मग शिंकेसारखा तो आवाज. आतल्या खोलीत पलंग करकरला. मी पडल्या पडल्या गुणगुणायला लागलो, बाबांसारखं, जाड, पोटातून. जमेना. ती आणखी चिडली, बरोबर होतं तिचं, हा कोण भलताच. मग मी हनुवटी छातीत दाबली. मी ऐकलं होतं ते बाबांचं नव्हतंच ना. मी ऐकलं होतं ते बाबांसारखं करणाऱ्या आईचं. तसं करून पाहिलं, घशाला जरा ओरखडा काढत, मधे किंचित खाली. हंऽऽऽ. आणि ते आलं. अंधारात ते पुन्हा कानाशी होतं.

ती गप्प झाली. ऐकत होती. पाळण्याच्या गजांमधून एक हात बाहेर आला, मूठ उघडली, मिटली, उघडली. मी तो धरला नाही. पलंग परत करकरला नाही.

छातीवर ठेवलेला फोन उजळला. बाबा. एकदा उजळला, विझला. त्यांना दाखवला होता तसा, मिस कॉल. मी लावला. त्यांनी उचलला, पण बोलले नाहीत, मीही बोललो नाही. तोंड बंद होतं, सूर चालू होता, सोडला असता तर ती उठली असती. फोन तसाच छातीवर ठेवला. गजांतून बाहेर आलेला हात हळूहळू जड झाला आणि लोंबकळत राहिला. ती परत वर येईलच, थोड्या वेळाने. फोनमध्ये पलीकडे खूप दूर एक गाडी गेल्याचा आवाज आला, म्हणजे बाबा घरात नव्हते, बाहेर पायरीवर बसून ऐकत होते.